कवटीच्या आतलं कोडं

ए दोस्ता, कोबीचा गड्डा मधोमध चिरला की आत केवढी नक्षी दिसते! पण न चिरता दिसेल का ती? छे!

आता आपलं डोकं घे. वरून कवटी, नारळाच्या करवंटीसारखी टणक. आत मेंदू, खरवसासारखा मऊ! साध्या एक्स-रेत कवटी छान दिसते, पण मेंदू? नुसता धूसर! मग त्यात एखादी गाठ वाढत असेल, तर डॉक्टरांनी ती शोधायची कशी?

हे कोडं सोडवलं इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. आणि तो कुठे काम करायचा, ओळख बघू! ईएमआय कंपनीत. हो, गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी तीच!

वहीतला जादूचा चौकोन आठव. समजा, घरांतले सगळे आकडे झाकलेत. पण आडव्या, उभ्या, तिरक्या ओळींच्या बेरजा दिल्यात. त्यांवरून लपलेले आकडे शोधायचे! हाउन्सफील्डने अगदी हेच केलं. एक्स-किरणांचा बारीक झोत डोक्यातून आरपार सोडला आणि पलीकडे किती पोचला ते मोजलं. वाटेत दाट काही असलं, की कमी पोचणार! मग यंत्र किंचित सरकवून, कधी किंचित फिरवून पुन्हा मोजलं. पुन्हा हलवलं, पुन्हा मोजलं... किती वेळा? एका चकतीसाठी तब्बल २८,८०० वेळा! मग संगणकाने गणित करून ६,४०० घरं भरली. झालं चित्र! कोबी चिरल्यासारखं, पण सुरीच नाही!

प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका चित्रासाठी नऊ दिवस लागायचे. नऊ दिवस! म्हणजे अख्खी नवरात्र!

मग उजाडला १ ऑक्टोबर १९७१. लंडनमधलं ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटल. एका बाईंच्या मेंदूत गाठ असावी, अशी शंका होती. सुधारलेल्या यंत्राने चित्र काढलं आणि काय सांगू! डाव्या बाजूला, कपाळामागे, गोल काळा डाग! शस्त्रक्रिया केली, तर गाठ बरोब्बर तिथेच! या शोधासाठी हाउन्सफील्डला १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

हे झालं डोक्याचं. आता पाठ घे. मणक्यांतून करंगळीएवढा मज्जारज्जू जातो. तिथली गाठ शोधायला आज एमआरआय वापरतात. त्यात एक्स-किरण नाहीतच! असतं एक अवाढव्य चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट ताकदीचं. ते रेडिओलहरींच्या मदतीने शरीरातल्या पाण्याची खबर काढतं. गाठीतलं पाणी निरोगी भागातल्या पाण्यापेक्षा जरा वेगळं वागतं, आणि गाठ पकडली जाते!

दुखतं का? मुळीच नाही. पण आवाज? ठक-ठक, धडधड, घर्रर्र! म्हणून कानांवर हेडफोन चढवतात. काही ठिकाणी तर त्यात चक्क गाणी लावतात!