रोग राणीखेतचा, लस मुक्तेश्वरची

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याच्या धानपट्ट्यात पहाटे खुराडी उघडली की घराघरांतल्या कोंबड्या त्याच उकिरड्यांवर, त्याच खळ्यांत चरायला निघतात. कोंबडी कुणाची, हा प्रश्न संध्याकाळी पडतो. दिवसभर साऱ्या गावाचा एकच कळप असतो, आणि पाच-दहा कोंबड्यांचे आजार समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

कोंबडी हिरवट पातळ हगू लागते, चोच उघडून श्वास घेते, पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते. ही मानमोडी. लस न दिलेल्या कळपात ती शिरली तर कधी कधी एकही पक्षी मागे ठेवत नाही. पशुवैद्य तिला राणीखेत म्हणतात. १९२६ मध्ये हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे ओळखला गेला. पाठोपाठ कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला आढळला आणि भारतात तेच नाव रुळले. गंमत अशी की उताराही त्याच डोंगररांगेत निघाला. पुण्यात १८८९ साली सुरू झालेली जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली होती. तिथेच १९४० च्या दशकात या विषाणूचा सौम्य वाण तयार झाला. आज मोठ्या कोंबड्यांना पंखाखाली टोचतात ती आर२बी लस त्याच वाणाची. पिलांच्या डोळ्यात थेंब टाकतात ती लासोटा. ते मूळचे न्यू जर्सीतल्या एका शेतमालकाचे आडनाव!

रोग विषाणूचा असल्याने मानमोडी झाल्यावर औषध नाही, प्रतिजैविकेही उपयोगी पडत नाहीत. पिलू आठवड्याचे झाले की लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि दोन महिन्यांचे झाले की आर२बी, हा नेहमीचा क्रम. अडचण वेगळीच असते. कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, ती २ ते ८ अंशांत जपायची आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवायची. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून एक दिवस ठरवून, कोंबड्या खुराड्यातच असताना, अख्ख्या वस्तीने लस घेणे हाच शहाणपणा. एका घराने टोचली आणि शेजाऱ्याने टाळली, तर उकिरड्यावरचा रोग तसाच राहतो. आजारी कोंबडीला मात्र लस देऊ नये.

पावसाळ्यात पिलांना रक्ताची हगवण लागते. ओल्या बिछान्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींचे हे काम. अँप्रोलियम पाण्यातून देतात, मात्रा पशुवैद्याला विचारून. पण निम्मा इलाज कोरड्या बिछान्यातच आहे, आणि भातगिरण्यांच्या मूलमध्ये धानाच्या तुसाला काय तोटा? तूस ओले झाले की बदला. त्याच दिवसांत डास देवी पसरवतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. त्या उचकटू नयेत. डोळे मिठाच्या कोमट पाण्याने पुसावेत आणि पिलू खाते-पिते आहे ना ते पाहावे.

उवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती एका खड्ड्यात घाला. कोंबडी स्वतःच त्यात लोळते. गोल जंतांना पिपराझिन चालते. उन्हाळा मात्र फार हलक्यात घेतला जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग निववते. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सावली आणि दिवसातून दोनदा थंड पाणी हेच औषध.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. आणि एकाएकी अनेक मरू लागल्या, तर उरलेल्या आठवडी बाजारात विकू नका, मेलेल्या नाल्यात फेकू नका. २०२५ च्या जानेवारीत याच जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात मांगलीला बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा.