मत भागधारकांचे, शब्द रिझर्व्ह बँकेचा

जून २०१८ मध्ये येस बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकांनी राणा कपूर यांना आणखी तीन वर्षे व्यवस्थापकीय संचालकपदी ठेवायला मंजुरी दिली. दुसरी एखादी कंपनी असती तर विषय तिथेच मिटला असता. पण सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचा निरोप आला: ३१ जानेवारी २०१९ पर्यंत राहा, पुढे नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-बी नुसार या खुर्चीवर कोण बसणार, याला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर सभेतल्या मतांना काही अर्थ उरत नाही.

खासगी बँक ही कागदोपत्री कंपनीच असते. संचालक मंडळ, लेखापरीक्षण, वार्षिक सभा, सगळे कंपनी कायद्याप्रमाणे. त्यावर १९४९ चा बँकिंग नियमन कायदा आहे. तो कंपनी कायदा रद्द करत नाही, त्याच्या जोडीला उभा राहतो. मात्र दोघांचे जिथे जमत नाही तिथे चालते १९४९ च्या कायद्याचेच. कारण साधे आहे. जोखमीनुसार मोजलेल्या १०० रुपयांच्या कर्जामागे बँकेला किमान ९ रुपयांचे भांडवल राखावे लागते, वर अडीच रुपयांची राखीव भर. उरलेला बहुतेक पैसा ठेवीदारांचा. डाव लागला तर नफा भागधारकाचा, फसला तर मोठा भुर्दंड दुसऱ्यांवर. अशा खेळात सगळी सूत्रे भागधारकाच्या हाती कोण देईल?

म्हणून बँकेच्या भागधारकाला पदोपदी वेसण आहे. पाच टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा घ्यायचा तर आधी परवानगी. हिस्सा कितीही असो, मताधिकार २६ टक्क्यांवर जात नाही. लाभांश वाटण्याआधी नफ्यातले किमान २० टक्के राखीव निधीत टाकावे लागतात. स्वतःच्याच शेअरच्या तारणावर बँक कर्ज देऊ शकत नाही.

ही वेसण काचते तेव्हा काय होते, ते कोटक महिंद्रा बँकेच्या प्रकरणात दिसले. प्रवर्तकांचा हिस्सा २० टक्क्यांपर्यंत खाली आणा, असा रिझर्व्ह बँकेचा आग्रह होता. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेने ५०० कोटींचे प्राधान्य समभाग काढले. कंपनी कायद्यात भरणा झालेल्या भांडवलात हे समभागही धरले जातात. भांडवल फुगले, आणि प्रवर्तकांनी एकही शेअर न विकता त्यांची टक्केवारी तीसवरून विसाच्या खाली आली. गणित चोख होते, पण रिझर्व्ह बँकेला ते पटले नाही. तिला खरा मताधिकार कमी झालेला हवा होता. डिसेंबरमध्ये बँक मुंबई उच्च न्यायालयात गेली. नियंत्रकालाच कोर्टात खेचणारी बँक आपल्याकडे विरळाच! जानेवारी २०२० मध्ये तडजोड झाली: हिस्सा २६ टक्के, पण १ एप्रिलपासून मताधिकार १५ टक्केच.

दोन महिन्यांतच भागधारक आणि रिझर्व्ह बँकेच्या नात्याचा दुसरा, कडवट चेहरा दिसला. ५ मार्च २०२० रोजी डबघाईला आलेल्या येस बँकेवर निर्बंध आले, ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. १३ मार्चला सरकारने पुनर्रचना योजना अधिसूचित केली. स्टेट बँक आणि काही खासगी बँका दहा रुपये दराने नवे शेअर घेऊन आल्या. जुन्या भागधारकांपैकी ज्यांच्याकडे शंभर किंवा त्याहून अधिक शेअर होते, त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. म्हणजे डीमॅट खात्यात हजार शेअर असतील तर विकता येतील फक्त २५०. सूचीबद्ध कंपनीचा शेअर कधीही विकता यावा, हे कंपनी कायद्याचे मूळ तत्त्व. ते एका अधिसूचनेने बाजूला पडले.

तरी भागधारक वाचले. दुसऱ्याच दिवशी ८,४१५ कोटींचे ‘एटी-वन’ रोखे मात्र शून्य करण्यात आले. या रोख्यांना मुदत नसते, व्याज चढे असते आणि बँक डबघाईला आली तर मुद्दल बुडवण्याचे कलम करारातच असते. बँकेच्या ग्राहक असलेल्या अनेक व्यक्तींनीही ते घेतले होते. त्यांना धोका नीट न सांगता ते विकल्याबद्दल सेबीने २०२१ मध्ये येस बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. कंपनी बुडताना आधी मालक बुडतो, मग धनको, हा कंपनी कायद्याचा क्रम इथे उलटा झाला. २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. रोखे शून्य करण्याची तरतूद योजनेच्या मसुद्यात होती, अंतिम योजनेत नव्हती. मग रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रशासकाला तो अधिकार आला कुठून, असा न्यायालयाचा रोख होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली.

लक्ष्मी विलास बँकेत भागधारकांच्या बाबतीत नेमके उलट घडले. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या भागधारकांनी सात संचालकांना मतदानाने घरी पाठवले, त्यात व्यवस्थापकीय संचालकही होते. भागधारकांनी आपला हक्क बजावला, असे म्हणायला हरकत नाही. दोनच महिन्यांत ती बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली आणि त्याच भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य ठरली.

रिझर्व्ह बँकेच्या हाती एवढी ताकद असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. ठेवीदाराला दुसरा वाली नाही. तक्रार आहे ती एकाच वर्षात दोन बँकांना दोन न्याय लागले याची. नुकसान कोणी, कोणत्या क्रमाने सोसायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर प्रत्येक वेळी ते शनिवार-रविवारी घाईघाईत ठरणार. २०१६ ची दिवाळखोरी संहिता बँकांना लागू नाही. हा क्रम सांगणारे वित्तीय निराकरण व ठेव विमा विधेयक ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत आले होते. त्यातल्या एका कलमाने आपल्या ठेवीच जातील, अशी भीती देशभर पसरली आणि वर्षभरात सरकारने विधेयक मागे घेतले. ते वादग्रस्त कलम गाळून बाकीचा कायदा तरी आणायला हवा होता.