उलटा वर्ग आणि पालथा घडा

टॉर्चचा एक छोटा बल्ब, एक सेल आणि वायरचा एक तुकडा. एवढ्यावर बल्ब पेटवून दाखवायचा. सोलापुरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. एके वर्षी विद्युतधारेचा पाठ संपवून, गणिते सोडवून घेऊन झाल्यावर सहज म्हणून मी या तीन वस्तू वर्गातल्या एका हुशार मुलीच्या हातात दिल्या. ओहमचा नियम तिला तोंडपाठ होता. तिने वायरचे एक टोक सेलला लावले, दुसरे बल्बच्या बुडाला लावले आणि माझ्याकडे पाहत राहिली. बल्ब पेटला नाही. मग वर्गातल्या इतरांनी करून पाहिले. पेटवू शकणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

चूक तिची नव्हती. पुस्तकातल्या आकृतीत बल्ब म्हणजे एक वर्तुळ, त्याला डावी-उजवीकडून येणाऱ्या दोन रेषा. खऱ्या बल्बची दोन टोके अशी दिसत नाहीत. एक असते बुडाच्या टिकलीवर, दुसरे म्हणजे बाजूचा धातूचा कडा. सेलच्या एका टोकावर बल्बचे बूड टेकवायचे आणि वायरने सेलचे दुसरे टोक त्या कड्याला जोडायचे, की परिपथ पूर्ण होतो. ‘परिपथ पूर्ण व्हावा लागतो’ हे वाक्य मी त्या वर्गात कितीतरी वेळा उच्चारले होते, आणि मुलांनी ते तितक्याच वेळा वहीत उतरवलेही होते. वाक्य पोहोचले होते, परिपथ मात्र कुणाच्या डोक्यात पूर्ण झाला नव्हता.

पुढे कळले की हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. 1997 साली अमेरिकेत तयार झालेल्या एका माहितीपटात पदवीदानाच्या दिवशी, झगा-टोपी घातलेल्या एमआयटीच्या पदवीधरांना नेमके हेच तीन पदार्थ दिले होते. त्यांतलेही अनेक जण अडखळले.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांची गोष्ट याच जातीची. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते आणि अवघड गणितेही सोडवत होते. 1990 च्या सुमारास माझुर यांनी बल आणि गती यांवरची साध्या भाषेतली एक चाचणी वर्गाला दिली. अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतो, अशा धर्तीचे तिचे प्रश्न. एका विद्यार्थिनीने विचारले, उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला वाटते त्याप्रमाणे? एका डोक्यात दोन विज्ञाने नांदत होती, एक परीक्षेपुरते आणि एक जगण्यापुरते. 1991 पासून माझुर यांनी व्याख्यान आखडते घेतले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. नुकतेच समजलेल्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असते. म्हणूनच शेजारच्या बाकावरचे स्पष्टीकरण कधीकधी शिक्षकाच्या स्पष्टीकरणाहून लवकर पोहोचते.

याला सक्रिय अध्ययन म्हणतात. त्याचा हिशेबही मांडला गेला आहे. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये 62 अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तपासले. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले शेवटी किती आले, हे त्यांचे माप. व्याख्यानाच्या वर्गांत ते सरासरी 23 टक्के होते, मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत 48 टक्के. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातले 225 अभ्यास एकत्र तपासले. व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के विद्यार्थी नापास होत होते, सक्रिय वर्गांत सुमारे 22 टक्के. यातले बहुतेक आकडे महाविद्यालयांतले आहेत, शाळेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र ते दाखवतात.

आता ‘उलट्या वर्गा’कडे, म्हणजे फ्लिप्ड क्लासरूमकडे येऊ. 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतले जोनाथन बर्गमन आणि आरोन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक आपले धडे चित्रित करून मुलांना घरी पाहायला देऊ लागले. शाळेतला वेळ त्यांनी प्रयोगांना आणि शंकांना दिला. ऐकणे घरी, गृहपाठ शाळेत. मूल जिथे अडते तिथे शिक्षक जवळ हवा, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

पण उलटे केल्याने नेमका फायदा कशाचा होतो? अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीवशास्त्राच्या एका अभ्यासात दोन्ही वर्ग सक्रिय ठेवले होते. फरक एवढाच, की एका वर्गात नवा भाग आधी घरी पाहायचा होता आणि दुसऱ्यात तो वर्गातच शिकायचा होता. निकालात फरक पडला नाही. फळ बहुधा सक्रियतेचे होते, व्हिडिओचे नव्हे. वर्ग उलटा केला आणि मुलांना तसेच गप्प बसवून ठेवले, तर ते पालथ्या घड्यावर पाणीच.

हे सोलापूरकरांनी नीट समजून घ्यायला हवे, कारण या विषयातले जगभर गाजलेले एक नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापायचा, तो मोबाइलने टिपला की कविता, व्हिडिओ, स्वाध्याय उघडतात, ही त्यांची कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. आपल्या मनात मात्र तेवढा काळा-पांढरा चौकोन राहिला. 2009 साली डिसले तिथे रुजू झाले, तेव्हा अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. ते आधी कन्नड शिकले, मग त्यांनी पहिली ते चौथीच्या पुस्तकांची नव्याने मांडणी केली. कोड त्या कामाचा भाग होता. मूल कुठे अडते हे पाहणे त्याच्याआधी आले.

मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात ते पाहणे अधिकच गरजेचे. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच मोबाइल होता, आणि तो वडिलांबरोबर यंत्रमागाच्या कारखान्यात जायचा, रात्री परत यायचा. घरी आई विड्या वळत असे आणि मुलगी तिला हातभार लावत असे. अशा घरी व्हिडिओ पाठवून ‘उद्या पाहून या’ म्हणणे म्हणजे मागे असलेल्याला आणखी मागे ढकलणे. तिच्यासाठी उलट्या वर्गातला उलटा भाग गाळला तरी चालेल. सक्रिय भाग मात्र गाळता येणार नाही.

त्यासाठी मोबाइल लागतोच असे नाही. मध्य प्रदेशात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 1972 मध्ये 16 शाळांत सुरू केलेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम हातांनी प्रयोग करण्यावर उभा होता. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा असे आणि प्रयोगालाही गुण असत. तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला आणि 2002 मध्ये शासनाच्या निर्णयाने बंद झाला. त्याच कामातून पुढे आलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान उभे करून दाखवले.

मग हे सगळीकडे का होत नाही? साठ मुले, संपवायचा अभ्यासक्रम आणि पाठांतर तपासणारी परीक्षा ही कारणे खरीच आहेत. आणखी एक कारण आतले आहे. हार्वर्डमध्येच झालेल्या 2019 च्या एका अभ्यासात सक्रिय वर्गातले विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः झगडताना आपले अज्ञान टोचत राहते. शिक्षकालाही तेच. आपण छान बोललो, हे समाधान सोडवत नाही. मला ते सोडायला फार वर्षे लागली.

त्या प्रसंगानंतर विद्युतधारेचा पाठ मी बोलून सुरू केला नाही. दर चौघांत एक बल्ब, एक सेल, एक वायर. पहिल्या तासाला आकृती नाही, व्याख्या नाही. कुठेतरी बल्ब पेटे, ओरडा होई, शेजारचे धावत येत. मग मी विचारत असे, पेटला कसा ते बोलू नका, काढून दाखवा. त्या वेड्यावाकड्या चित्रांत बल्बला दोन टोके असत, बुडाला एक आणि कडेला एक. पुस्तकातले वर्तुळ मी त्यानंतर फळ्यावर काढत असे. तोवर त्या दोन रेषा कुठून येतात हे मुलांना ठाऊक झालेले असे.