म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय थकले तर

सांगोला-मंगळवेढ्याकडं वस्ती आणि मेंढरं राखणारं कुत्रं घरातलंच असतं. दहा-बारा वर्षांनी त्याचे सांधे झिजतात, मागचे पाय लटपटतात. आता राखण होत नाही म्हणून त्याला हाकलू नका.

शहाबादी फरशीवर पाय घसरतात, तिथं पोतं अंथरा. उठवताना जुन्या सोलापुरी चादरीची लांब घडी मागच्या पायांपुढं पोटाखालून घाला, दोन्ही टोकं वर धरा आणि चार पावलं चालवा. उठताच येत नसेल तर जाड गोधडीवर झोपवा, दर ३-४ तासांनी कूस बदला. नाहीतर हाडाच्या जागी जखमा होतात. लघवीनं भिजलेलं अंग धुऊन कोरडं करा. ओल्या जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात.

आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेनची गोळी त्याला देऊ नका. त्यानं यकृत, मूत्रपिंड बिघडून कुत्रं मरू शकतं. औषध पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच द्या; पशुसेवेचा फोन क्रमांक १९६२ आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. म्हातारपणाची कमजोरी हळूहळू येते. पाय अचानक गेले, आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, तर रेबीजची शंका धरा. हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, डॉक्टरांना कळवा. चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या, म्हणजे म्हातारपणी त्याची सेवा निर्धास्तपणे करता येईल.