राउटरला पंखा लावायचा, पण कधी आणि कसा?

(घरातलं इंटरनेट : लेखांक ६)

राउटर घरात कुठे ठेवावा, हे गेल्या आठवड्यात आपण सिग्नलच्या अंगाने पाहिलं. आज उष्णतेच्या अंगाने पाहू. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि वरच्या मजल्यावरच्या किंवा पत्र्याच्या खोलीत दुपारी 40 अंश सहज होतात. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान बहुधा 0 ते 40 अंश छापलेलं असतं. म्हणजे राउटर स्वतः तापण्याआधीच खोलीने ती मर्यादा गाठलेली असते.

राउटर साधारण 5 ते 12 वॅट वीज घेतो आणि तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. प्रोसेसर, वायफायचा सिग्नल वाढवणाऱ्या चिप्स आणि व्होल्टेज कमी करणारा भाग हे सर्वांत जास्त तापतात. खालच्या जाळीतून हवा आत यावी आणि गरम होऊन वरून निघून जावी, एवढ्याच भरवशावर बहुतेक राउटर चालतात. लिंक्सिसच्या 2014 सालच्या डब्ल्यूआरटी1900एसी राउटरमध्ये आत पंखा होता, पण अशी उदाहरणं थोडी. जास्त तापलेली चिप वेग कमी करते किंवा राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कायमचं नुकसान होतं ते कपॅसिटरचं. त्यातलं द्रावण हळूहळू सुकत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे.

पण नेट तुटतंय ते उष्णतेमुळेच, हे आधी ठरवा. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर दोष फायबरच्या लाइनमध्ये आहे, तिथे पंखा काही करणार नाही. सकाळी नीट चालतं आणि दुपारीच अडतं, असं असेल तर घरातला टेबलफॅन तासभर राउटरकडे वळवून ठेवा. त्रास थांबला तर निदान झालं.

निदान झालं तरी लगेच पंखा आणायला धावू नका. राउटरवरचा भरतकामाचा रुमाल काढा. टीव्हीच्या बंद कपाटातून, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरून त्याला खाली उतरवा. जाळीतली धूळ मऊ ब्रशने झाडा. खाली चार रबरी बूच लावून तो बोटभर उचला. माझ्या मते निम्म्याहून अधिक घरांत एवढ्यावरच काम भागेल.

तरीही भागलं नाही, तर 80 किंवा 120 मिलिमीटरचा, यूएसबीवर चालणारा 5 व्होल्टचा पंखा घ्या. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा देतो आणि रात्री कानाला टोचत नाही. 40 मिलिमीटरचे छोटे पंखे किणकिणतात. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो, तो हवेची दिशा दाखवतो. बाण नसेल तर मोटर धरणारे आडवे हात ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते असं धरा. राउटर आडवा असेल तर पंखा खाली ठेवून वारा वर जाऊ द्या, म्हणजे गरम हवेच्या ओघालाच जोर मिळतो. पंख्याखालीही हवेला जागा हवी.

वीज मोबाइलच्या जुन्या चार्जरवरून द्या. राउटरच्या 12 व्होल्टच्या ॲडॉप्टरची वायर कापून त्यात पंखा जोडू नका. तो ॲडॉप्टर मोजूनमापून दिलेला असतो आणि उन्हाळ्यात तोही तापलेलाच असतो. राउटरचं झाकणही उघडू नका. कनेक्शनसोबत मिळालेलं यंत्र बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं.

विदर्भातल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. राउटर डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, कधी थेंबही उडतात, आणि तापलेल्या सर्किटचं पाण्याने जेवढं नुकसान होईल तेवढं उष्णतेने होणार नाही. पंख्याचा वारा खोलीच्या हवेपेक्षा गार नसतो, हेही ध्यानात ठेवा. खोलीच 42 अंशांवर असेल तर राउटर घरातल्या सर्वांत थंड, उत्तरेकडच्या भिंतीला हलवणं हाच खरा उपाय.

पुढच्या आठवड्यात वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणाऱ्या मिनी यूपीएसबद्दल. तोवर आपल्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे एका कागदावर उतरवून ठेवा, ते तेव्हा लागतील.