लिनक्सवर आवाज का येत नाही?

लिनक्स टाकलं, पडदा उजळला, वाय-फाय जोडलं गेलं. स्पीकर मात्र गप्प. अशा वेळी ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी आवाजाचा मार्ग समजून घ्यावा. साउंड कार्डाशी थेट बोलतो तो कर्नलमधला ‘अल्सा’ हा थर; २००३च्या २.६ आवृत्तीपासून तोच मुख्य आहे. त्याच्यावर पल्सऑडिओ किंवा हल्ली पाइपवायर असतं. ब्राउझर, व्हिडिओ, गाणी यांचे आवाज एकत्र करून कोणत्या कार्डाकडे पाठवायचे, हे तिथे ठरतं. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२१ मध्ये पाइपवायर स्वीकारलं.

बिघाड बहुधा साधाच निघतो. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा आणि एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. ‘मास्टर’च्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर आवाज म्यूट आहे. एम दाबा, ‘ओओ’ होईल. तेही ठीक असेल, तर सेटिंग्जमध्ये आउटपुट पाहा: पुष्कळदा ते एचडीएमआयवर, म्हणजे स्पीकर नसलेल्या मॉनिटरवर गेलेलं असतं.

लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत असाल, तर गोष्ट निराळी. आतल्या लिनक्सला तुमचं कार्ड सहसा दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम त्याला इंटेल एचडी ऑडिओ, एसी९७ किंवा साउंड ब्लास्टर १६ यांपैकी एखादं नकली कार्ड दाखवतो. म्हणून आत खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर टाकणं व्यर्थ. मशीन बंद करून नकली कार्ड बदलून पाहा, आणि ऑडिओ आउटपुटची खूणही तपासा. माइकसाठी इनपुटची खूण वेगळी असते; ती राहून गेल्याने मीटिंगमध्ये आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही.