मोटारीच्या दाराची मूठ

दाराची कामे दोन. परक्याला बाहेर ठेवावे हे पहिले, आणि आतल्या माणसाला हवे तेव्हा बाहेर पडू द्यावे हे दुसरे. कोकणातील जुन्या घरांच्या दारांना आतून लाकडी अडसर असे. बाहेरच्याला तो हलत नसे. पण घरातील माणूस काळोखातही तो चाचपून काढी. आपल्या मोटारीचे दार या कसोटीला उतरते काय, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी पाहावे, एवढ्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

कतारगामच्या रस्त्यांवर हल्ली दिसणाऱ्या काही नव्या मोटारींच्या दाराला मूठ, म्हणजे हँडल, दिसतच नाही. ती पत्र्याच्या पातळीत बसविलेली असते. २०२१ साली आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि २०२४ मधील टाटांची कर्व्ह ही याची परिचित उदाहरणे होत. कल्पना मात्र जुनीच आहे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीची मूठही अशीच सपाट होती. तिचे एक टोक दाबले की दुसरे वर येई. ते काम तरफेचे होते, विजेचे नव्हते.

आजच्या कित्येक गाड्यांत मूठ बाहेर येते ती विजेच्या लहानशा यंत्राने, आणि काहींत तर कुलूपही विजेनेच सुटते. ही वीज बहुधा १२ व्होल्टची बॅटरी पुरविते. मूठ आत गेल्याने वाऱ्याचा अडथळा किंचित कमी होतो व गाडी देखणी दिसते, एवढाच लाभ. परंतु टक्कर होऊन तारा तुटल्या किंवा बॅटरी उतरली, तर मूठ आतच राहण्याचा संभव असतो. मग मदतीस धावलेल्या माणसाने ओढावे तरी काय?

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्ला कंपनीच्या, २०२१ साली निघालेल्या सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. बाहेरून दार उघडेना, मूल आत अडकले, आणि काही पालकांना काच फोडावी लागली, अशा तक्रारी होत्या. चीनने २०२६ च्या आरंभी नियम केला की, १ जानेवारी २०२७ पासून नव्या प्रकारच्या मोटारींची दारे आतून व बाहेरून, विजेवाचून हाताने उघडता आलीच पाहिजेत.

दार न उघडण्याची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०२३ रोजी मोजली. बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली बस दाराच्या अंगावर उलटली व पेटली. २५ प्रवासी दगावले. तेथे मुठीचा दोष नव्हता. परंतु दार बंद झाले म्हणजे क्षण किती मोलाचे असतात, हे त्या रात्री दिसले. काही जण खिडकीची काच फोडून बाहेर पडले, म्हणून वाचले.

सुटीत खानदेशात किंवा कोकणात गावी निघताना, गाडी उभी असतानाच चार गोष्टी कराव्या. हाताने दार उघडण्याची कडी कोठे आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काही गाड्यांत मागच्या दाराची कडी दाराच्या खिशाच्या तळाशी झाकलेली असते. ती प्रत्येकाने एकदा डोळे मिटून उघडून पाहावी. मुलांसाठीचे कुलूप लावले असल्यास मागचे दार आतून उघडत नाही, तेव्हा पुढच्या दाराकडे जाण्याची वाट मुलांना दाखवावी. काच फोडण्याची हातोडी हाताशी ठेवावी, व घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालावा. समोरची काच दुपदरी असल्याने सहजी फुटून पडत नाही.

नवी गाडी घेताना आपण रंग विचारतो, किंमत विचारतो. वीज गेली तर दार कसे उघडते, हेही विक्रेत्याला विचारावे, आणि त्याने ते करून दाखविल्यावाचून पैसे मोजू नयेत.